प्रोजेक्टरचा वायरलेस स्पीकर मागे पडतो तेव्हा: ओठ आणि आवाज जुळवायची पद्धत

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी पूर्वी यंत्रमाग होते. आई मागाशेजारी बसून कांड्या भरायची. माग सुरू असताना शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून तिथं काम करणाऱ्या बायका एकमेकींच्या ओठांकडं बघून बोलणं समजून घ्यायच्या. माग विकून बरीच वर्षं झाली. त्या खडखडाटानं आईचे कान अधू झाले, पण ओठ वाचायची सवय राहिली.

गेल्या दिवाळीत घरात प्रोजेक्टर घेतला. माडीवरच्या खोलीतली एक भिंत पांढरी करून घेतली, ब्लूटूथ स्पीकर जोडला आणि सगळ्यांनी जमून एक जुना मराठी चित्रपट लावला. आम्हा बाकीच्यांना झकास वाटत होतं. आई दहा मिनिटांत उठली. "तोंड आधी हालायलंय रे, बोलणं मागनं यायलंय. मला काय कळंना," म्हणाली आणि खाली निघून गेली.

मला आधी तिच्या कानांचंच कारण वाटलं. दुसऱ्या दिवशी मोजून बघितलं, तर आवाज चित्राच्या मागे जवळजवळ पाव सेकंद होता. आई अगदी बरोबर बोलली होती. त्यानंतर जे जे करून बघितलं आणि ज्याचा उपयोग झाला, ते इथं क्रमानं लिहितो. घरात कमी ऐकू येणारं माणूस असेल तर हे काम जरूर करा. अशा माणसाला ओठ आणि आवाज वेगळे झाले की अर्धं बोलणंच हातचं जातं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो: वायरलेस स्पीकर प्रोजेक्टरला जोडू नका, चित्रपट ज्या यंत्रात चालतोय त्या यंत्राला जोडा. असं का, ते कळायला उशीर नेमका कुठं होतो ते बघावं लागेल.

उशीर कुठं होतो

आमच्या भागात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्येक घरावर टाकी असते. टाकीमुळं स्वयंपाकघरातला नळ कधी कोरडा पडत नाही, पण त्यातून येणारं पाणी मघाचं किंवा कालचं असतं. ब्लूटूथ स्पीकरच्या आत अशीच टाकी असते. पाठवणारं यंत्र आवाज आवळून त्याची छोटी छोटी पुडकी करतं आणि हवेतून सोडतं. वाटेत काही पुडकी हरवतात, ती पुन्हा पाठवावी लागतात. तेवढ्यात आवाज तुटू नये म्हणून स्पीकर थोडा साठा करून ठेवतो आणि त्या साठ्यातून वाजवतो. आवळणं, पाठवणं, साठवणं आणि पुन्हा उलगडणं या सगळ्यात मिळून साध्या ब्लूटूथ स्पीकरला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. १००० मिलिसेकंद म्हणजे १ सेकंद.

गाणी ऐकताना हा उशीर कुणालाच कळत नाही, कारण समोर ताडून बघायला चित्र नसतं. चित्र आलं की गोष्ट बदलते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांत तो जवळजवळ ६९ मीटर जाईल. येळ्ळूरच्या शिवारात दोन-तीन भातखाचरं पलीकडं कुणी लाकूड फोडत असेल, तर कुऱ्हाड आधी पडलेली दिसते आणि 'खट्ट' मागाहून येतं. साध्या ब्लूटूथवर पडद्यावरची नायिका तेवढ्या लांबून बोलत असते, आणि चेहरा मात्र भिंतीवर हाताच्या अंतरावर दिसतो.

किती उशीर चालतो यावरही अभ्यास झालेला आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या १९९८ मधल्या शिफारशीप्रमाणं आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की लोकांच्या तो लक्षात यायला लागतो. ९० मिलिसेकंद आधी किंवा १८५ मिलिसेकंद नंतर, याच्या पलीकडं तो खपवून घेतला जात नाही. उशिरा आलेला आवाज आपण जास्त सहन करतो, कारण निसर्गातही तो उशिराच येतो. बोलण्याआधी आवाज येतो असं कुठंच घडत नाही, त्यामुळं आधी आलेला आवाज लगेच खटकतो. हे ध्यानात ठेवा, दुरुस्ती करताना उपयोगी पडेल.

आता प्रोजेक्टरकडं वळू. चित्रपट पेन ड्राइव्हवर, लॅपटॉपमध्ये किंवा स्टिकवरच्या (एचडीएमआयच्या भोकात बसणाऱ्या फायर टीव्हीसारख्या छोट्या यंत्रावरच्या) ॲपमध्ये चालतो, तेव्हा त्या यंत्राच्या हातात पुढचं चित्र आधीपासून असतं. स्पीकर २०० मिलिसेकंद मागे आहे हे त्याला कळलं, तर ते चित्रही तेवढंच थांबवून दाखवू शकतं. प्रोजेक्टरकडं एचडीएमआय वायरीतून येणारं चित्र आलं तसं भिंतीवर जातं. बहुतेक घरगुती प्रोजेक्टर ते अडवून धरू शकत नाहीत. म्हणून स्पीकर प्रोजेक्टरला जोडला की चित्र पुढं निघून जातं आणि आवाज टाकीत अडकतो. स्टिकला जोडला की दोन्ही दोऱ्या एकाच हातात राहतात.

पहिलं काम: ताट आणि लाटणं

काही बदलण्याआधी मोजा. चित्रपटावर मोजू नका, आणि डब केलेल्या चित्रपटावर तर मुळीच नाही. आमच्या सीमाभागात कन्नड, तेलुगू, तमीळ चित्रपट हिंदीत नाहीतर दुसऱ्या भाषेत डब झालेले सर्रास बघितले जातात. त्यांचे ओठ मुळातच दुसरी भाषा बोलत असतात. ते जुळवत बसलात तर रात्र जाईल आणि हाती काहीच लागणार नाही.

त्यापेक्षा स्वतःची क्लिप बनवा. स्टीलचं ताट घ्या. कुणाला तरी फोन हातभर अंतरावर स्थिर धरायला सांगा आणि लाटण्यानं ताटावर एकेका सेकंदाच्या अंतरानं दहा ठोके मारा. लाटणं ताटाला टेकतं तो क्षण स्वच्छ दिसला पाहिजे, म्हणून उजेडात करा. फोन लांब ठेवू नका. दहा मीटरवरून घेतलेल्या क्लिपमध्ये हवेचाच जवळजवळ ३० मिलिसेकंदांचा उशीर शिरतो.

ही क्लिप प्रोजेक्टरवर लावा. नुसत्या डोळ्यांनीही फरक कळेल, पण आकडा हवा असेल तर दुसरा फोन स्पीकरजवळ धरून भिंतीचा व्हिडिओ घ्या. कॅमेऱ्यात सेकंदाला ६० चौकटी ही सोय निवडा. मग तो व्हिडिओ कुठल्याही संपादन ॲपमध्ये उघडा. खाली आवाजाची नक्षी दिसते, तिच्यात ठोक्याचा उंच काटा उठतो. लाटणं टेकल्यापासून काटा उठेपर्यंत किती चौकटी जातात ते मोजा. एक चौकट म्हणजे १६.७ मिलिसेकंद. आमच्याकडं १४ चौकटी आल्या, म्हणजे २३० च्या वर. तीन-चार ठोके मोजून सरासरी घ्या. आकडा कागदावर लिहून ठेवा.

दुसरं काम: जोडणी उलटी करा

प्रोजेक्टरच्या ब्लूटूथ मेनूत जाऊन तिथून स्पीकर काढून टाका. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधूनही तो विसरायला लावा. हे किरकोळ वाटतं, पण आमच्याकडं पुतण्याच्या खिशातल्या फोननं स्पीकर दोनदा परत पळवला होता. काही स्पीकर एका वेळी दोन यंत्रांना धरून ठेवतात. मग एखाद्या फोनवर मेसेजचा आवाज आला तरी चित्रपटाचा आवाज तुटतो.

आता चित्र कुठून येतं ते बघा आणि स्पीकर तिथं जोडा.

फायर टीव्ही किंवा गूगल टीव्हीची स्टिक असेल, तर स्टिकच्या सेटिंगमधल्या ब्लूटूथमध्ये स्पीकर शोधा. प्रोजेक्टरमध्येच अँड्रॉइड असेल आणि तुम्ही त्याच्याच ॲपमधून चित्रपट बघत असाल, तर चित्र चालवणारं यंत्र प्रोजेक्टरच आहे, तेव्हा स्पीकर त्यालाच जोडायचा. एकच अट आहे, चित्र एचडीएमआयमधून बाहेरून येत नसावं. लॅपटॉप असेल तर स्पीकर लॅपटॉपला. ॲपल टीव्हीची पेटी असेल तर तिच्यात वायरलेस आवाज जुळवण्याची सोयच आहे: पेटी सूर काढते, जवळ धरलेला आयफोन ते ऐकतो आणि दुरुस्ती आपोआप होते.

फोनचा पडदा वाय-फायवरून प्रोजेक्टरवर दाखवायची पद्धत आपल्याकडं फार चालते. चित्रपटासाठी ती टाळा. त्यात चित्र हवेतून जाताना एक उशीर होतो, आणि आवाज प्रोजेक्टरकडून पुन्हा ब्लूटूथनं गेला की दुसरा. दोन्ही कमी-जास्त होत राहतात, त्यामुळं एकदा जुळवलेलं पाच मिनिटांत बिघडतं. तोच चित्रपट स्टिकवरच्या ॲपमध्ये लावा, नाहीतर फोनमधून कास्ट करा. कास्ट केल्यावर फोन रिमोटसारखाच राहतो आणि चित्र स्टिक स्वतः ओढून घेते.

स्पीकर असा नव्यानं जोडला की ताटाची क्लिप पुन्हा लावा. आमच्या स्टिकवर एवढ्यानंच २३० चा आकडा ४० च्या आसपास आला. खर्च शून्य.

तिसरं काम: उरलेला फरक काढणं

यूट्यूबसारखी चांगली ॲप स्पीकरचा उशीर किती आहे ते यंत्राकडून विचारून घेतात आणि तेवढं चित्र थांबवतात. स्पीकर दर वेळी खरा आकडा सांगतोच असं नाही, म्हणून थोडा फरक उरतो. एका ॲपमध्ये जुळलं म्हणजे दुसऱ्यातही जुळेल असंही धरून चालू नका. ज्या ज्या ॲपवर घरातली माणसं बघतात त्या प्रत्येकावर एखादं समोरासमोर बोलणाऱ्या माणसाचं दृश्य तपासा. बातम्या वाचणारी निवेदिका यासाठी सगळ्यात चांगली, कारण ती कॅमेऱ्याकडं बघून, ओठ स्पष्ट हलवत बोलते. 'प', 'ब', 'म' या अक्षरांना ओठ पूर्ण मिटतात. नजर तिथं ठेवा.

फायर टीव्हीच्या काही स्टिकांवर ध्वनीच्या मेनूत आवाज-चित्र जुळवायची पट्टी आहे. ठोक्याबरोबर हलणारी खूण दिसते, ती आवाजाशी जुळेपर्यंत पट्टी सरकवायची.

लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ चालवायचा प्रोग्राम वापरत असाल तर काम आणखी सोपं. विंडोजवर चित्रपट चालू असताना 'जे' हे बटण दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद अलीकडं येतो, 'के' दाबलं की ५० मिलिसेकंद मागे जातो. ब्लूटूथचा आवाज मागे असतो, म्हणून 'जे'. ताटाची क्लिप लावा आणि एकेकदा दाबत जा. मी चार वेळा दाबल्यावर ठोका जागेवर आला. नवी फाइल लावली की हा आकडा पुसला जातो, तेव्हा तो लक्षात ठेवावा लागतो. कोडी हा तसाच दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांना आवाजाच्या मेनूत हाच फरक एकदा देऊन सगळ्या व्हिडिओंसाठी कायम करता येतो.

एक चूक पुष्कळजण करतात. साउंडबारवर किंवा प्रोजेक्टरच्या मेनूत 'ऑडिओ डिले' दिसला की ते तो वाढवतात. ही सोय सहसा आवाज आणखी उशिरा आणण्यासाठी असते, लवकर आणण्यासाठी नव्हे. आवाज मुळातच मागे असेल तर तो आकडा शून्यावर ठेवा.

आजूबाजूचा अडथळा

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. घरातलं साधं वाय-फायही त्याच पट्ट्यात असतं. गर्दी झाली की पुडकी हरवतात आणि टाकी रिकामी व्हायला लागते. आवाज तुटतो, काही स्पीकर साठा वाढवतात आणि उशीर आणखी वाढतो. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं दिसत असेल तर स्टिक त्यावर टाका. स्टिक प्रोजेक्टरच्या पाठीत दडलेली असेल तर एचडीएमआयच्या छोट्या जोडवायरीनं ती थोडी बाहेर काढा.

भिंतींचाही विचार करा. खानापूर बाजूच्या जुन्या घरांत मातीच्या दोन हात जाड भिंती असतात. स्टिक एका खोलीत आणि स्पीकर दुसऱ्या खोलीत असं तिथं जमत नाही. माणसाचं शरीरही हा सिग्नल शोषून घेतं. जमिनीवर ठेवलेला स्पीकर आणि मध्ये बसलेली आठ माणसं, याऐवजी स्पीकर पडद्याखाली टेबलावर चढवा.

दोन स्पीकर एकमेकांना बिनतारी जोडून डावा-उजवा करायची सोय हल्ली बऱ्याच स्पीकरांत असते. त्यात पहिला स्पीकर दुसऱ्याला आवाज पुढं पाठवतो, त्यामुळं उशीर वाढू शकतो. आधी एकाच स्पीकरवर जुळवा, मग दुसरा जोडून पुन्हा ताट वाजवा. प्रोजेक्टरचा आतला स्पीकर मात्र पूर्ण बंदच करा. तो आणि ब्लूटूथ दोन्ही वाजत राहिले तर प्रत्येक शब्द दोनदा येतो आणि खोलीत विहिरीसारखा घुमतो.

दाजींचा सेट-टॉप बॉक्स

इथपर्यंत सगळं चित्रपटाबद्दल झालं. थेट सामना वेगळा. निपाणीला माझ्या बहिणीच्या घरी दाजींनी माझं बघून तसाच प्रोजेक्टर घेतला. ते बघतात डीटीएचवर क्रिकेट. फलंदाज चेंडू टोलवतो, चेंडू निघूनही जातो आणि मग बॅटचा आवाज येतो. "अरे, मला आधी कळतंय आउट झाला ते, आणि अपील मागनं ऐकू येतंय!" असा त्यांचा फोन आला.

त्यांच्या सेट-टॉप बॉक्समध्ये ब्लूटूथ नव्हतंच, आणि चित्र अडवून धरायची सोयही नव्हती. अशा वेळी साध्या ब्लूटूथचा नाद सोडावा हे माझं स्पष्ट मत आहे. वायर घाला. स्पीकर बॅटरीवर चालणारा, हलवता येणारा असला तरी त्याला 'ऑक्स' लिहिलेलं ३.५ मिमीचं भोक असू शकतं. प्रोजेक्टरच्या हेडफोनच्या भोकातून तिथपर्यंत पाच मीटरची साधी वायर गेली की ब्लूटूथचा सगळा उशीर गळून पडतो. वायर शे-दोनशे रुपयांत मिळते. खोलीच्या कडेनं, सतरंजीखालून ती दिसतही नाही. बऱ्याच नव्या स्पीकरांना हे भोक नसतं, तेव्हा विकत घेतानाच स्पीकर उलटून बघा.

दाजींचा बॉक्स पडद्याजवळ आणि प्रोजेक्टर मागच्या भिंतीला होता. म्हणून आम्ही बॉक्सच्या मागच्या लाल-पांढऱ्या भोकांतून थेट स्पीकरला वायर दिली. बॉक्सचं एचडीएमआय आणि ही भोकं दोन्ही एकदम चालू होती. आता उलटंच झालं: बॅटचा आवाज आधी यायला लागला. कारण प्रोजेक्टर चित्र गुळगुळीत करायला, वाकडं चित्र सरळ करायला वेळ घेत होता आणि आवाज तोपर्यंत वाट न बघता स्पीकरवर पोचत होता. मघाशी सांगितलं तसं, आधी आलेला आवाज ४५ मिलिसेकंदांवरच खटकतो.

उपाय दोन. पहिला, प्रोजेक्टरच्या चित्राच्या मेनूत 'गेम' मोड लावायचा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करायची. चित्र सरळ करायची कीस्टोन सोय काही प्रोजेक्टरवर उशीर वाढवते, म्हणून प्रोजेक्टर पडद्याच्या नेमका समोर, सरळ ठेवायचा आणि कीस्टोन शून्यावर आणायचं. दाजींच्या प्रोजेक्टरखाली दोन वह्या सरकवल्या आणि कीस्टोनची गरजच उरली नाही. एवढ्यावर ठोका जुळला. जुळला नसता तर दुसरा उपाय होता: स्पीकर किंवा साउंडबारवरचा 'ऑडिओ डिले' थोडा वाढवायचा. आवाज आधी येतो तेव्हाच ती सोय खऱ्या कामाची असते.

वायर घातल्यावर आवाजच आला नाही, तर बॉक्सच्या ध्वनी मेनूत 'डॉल्बी' असेल ते बदलून 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' करा. साध्या भोकातून डॉल्बी बाहेर येत नाही, म्हणून शांतता होते.

वायर नकोच असेल तर

काही घरांत वायर टाकणं खरंच शक्य नसतं. मोठी पडवी असते, मध्ये दार असतं, नाहीतर लहान मुलं वायरीत अडकतात. तिथं कमी उशिराचा ट्रान्समीटर घ्यावा लागतो. प्रोजेक्टरच्या हेडफोनच्या किंवा ऑप्टिकल भोकाला तो लावायचा.

बाजारात जाताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ब्लूटूथवर आवाज आवळायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात, आणि दोन्ही टोकांना तोच कोडेक असेल तरच तो चालतो. 'ॲपटीएक्स लो लेटन्सी' या कोडेकचा उशीर साधारण ४० मिलिसेकंद असतो, म्हणजे डोळ्याला कळत नाही. पण तुमच्या स्पीकरला तो कोडेक नसेल तर दोन्ही यंत्रं मुकाट्यानं साध्या 'एसबीसी'वर उतरतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आपल्याकडं विकले जाणारे पुष्कळ स्पीकर फक्त 'एसबीसी' आणि 'एएसी' घेतात. खोक्यावर वाचा. 'एलडॅक' हे नाव बघून भुलू नका. तो आवाजाचा दर्जा वाढवण्यासाठी आहे, उशीर कमी करण्यासाठी नव्हे.

माझ्या मते यातला खात्रीचा मार्ग म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची एकत्र विकली जाणारी जोडी. दोन्ही टोकं एकाच बनावटीची असल्यानं कोडेकची भानगड उरत नाही. रिसीव्हर स्पीकरच्या ऑक्स भोकात जातो, मग स्पीकरमध्ये कुठला कोडेक आहे याला महत्त्व राहत नाही. ब्लूटूथ न वापरता स्वतःच्या २.४ गिगाहर्ट्झ पद्धतीनं आवाज पाठवणाऱ्या जोड्याही येतात, त्यांचा उशीर आणखी कमी असतो. खोक्यावर उशिराचा आकडा मिलिसेकंदात लिहिलेला असेल तरच घ्या, आणि परत घेण्याची मुदत विचारून ठेवा. घरी आल्यावर पहिलं काम ताट आणि लाटणं.

नवीनच सगळं घेणार असाल तर वायरलेस सबवूफर असलेला साउंडबार घेऊन तो प्रोजेक्टरला वायरनं जोडणं हा उत्तम मार्ग. प्रोजेक्टरला एआरसी लिहिलेलं, म्हणजे आवाज बारकडं परत पाठवणारं एचडीएमआय असेल तर एकच वायर पुरते. बार आणि सबवूफरमधला बिनतारी दुवा कंपनीनं स्वतः जुळवून दिलेला असतो, त्याची काळजी करावी लागत नाही.

गुणगुण आणि लाईट

वायर घातल्यावर स्पीकरमधून सतत 'गुंऽऽ' असा आवाज येत असेल, तर बहुधा लॅपटॉपच्या चार्जरमुळं येतो. चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पीकर तिन्ही विजेच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, किंवा वायरीच्या मध्ये बसणारा छोटा आयसोलेटर घ्या. इन्व्हर्टरवर चालवताना ही गुणगुण वाढू शकते. स्पीकर बॅटरीवर आणि चार्जिंगची वायर काढलेली असेल तर ती बहुतेक वेळा नाहीशी होते.

पावसाळ्यात आमच्याकडं लाईट जाते-येते. परत आल्यावर प्रोजेक्टर, स्टिक, स्पीकर सगळे एकाच वेळी जागे होतात आणि कोण कुणाला आधी सापडेल ते सांगता येत नाही. स्पीकर पुन्हा प्रोजेक्टरला चिकटला की जुना उशीर परत येतो. काही प्रोजेक्टर गेम मोडही विसरतात. म्हणून मी एक चिठ्ठी लिहून प्रोजेक्टरच्या डोक्यावर चिकटवली आहे: स्पीकर स्टिकला, आतला स्पीकर बंद, गेम मोड चालू, लॅपटॉपवर 'जे' चार वेळा. घरातल्या कुणालाही ती वाचून दोन मिनिटांत सगळं जागेवर आणता येतं. जुन्या घरावर पत्रे असतील तर धो-धो पावसात आवाज असाही नीट येत नाही, तेव्हा ओठ जुळलेले असणं आणखीच गरजेचं होतं.

ताटाची क्लिप आम्ही पेन ड्राइव्हवर सगळ्यात वर ठेवली आहे. चित्रपट सुरू करायच्या आधी आई ती लावायला सांगते. चष्मा पुसते, पडद्याकडं बघत दहाही ठोके मोजते, आणि तिनं मान हलवली की मगच आम्ही चित्रपट लावतो.